जपानी आरपीजींचे इंग्रजी नेमके कोणासाठी लिहिलेले असते?

पारसिककर (कळवा, ठाणे)

नमस्कार. माझी भाची ठाण्यातील एका सेमी-इंग्रजी शाळेत नववीला आहे. जपानी ॲनिमे मालिका ती सबटायटल वाचत भराभर पाहते, त्यामुळे जपानी आरपीजी (पात्रे घडवत कथा पुढे नेण्याचे ‘रोल-प्लेइंग’ व्हिडिओ गेम) तिला आवडतील अशी माझी खात्री होती. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या फोनवर ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स: द वॉर ऑफ द लायन्स’ घालून दिला, कारण कॉलेजच्या वयात मला सर्वाधिक झपाटून टाकणारा खेळ तोच होता. पटावरचे डावपेच तिने सहज आत्मसात केले. उंचीचा फायदा घेणे, पात्रांचे जॉब (लढण्याचे पेशे) बदलून कौशल्ये जमवणे, जादू पूर्ण व्हायला लागणारा वेळ हिशेबात धरणे, यांतले काहीही मला समजावून सांगावे लागले नाही. मात्र कथा सुरू झाली की ती संवाद न वाचता बोट आपटत पुढे जाते. कारण विचारल्यावर म्हणाली, “मामा, यांचं इंग्रजी आमच्या बाईंनाही कळणार नाही.”

तिचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. मी खेळलो होतो ती १९९८ची प्लेस्टेशनवरील इंग्रजी आवृत्ती. ती चुकांसाठी बदनाम असली तरी तिच्यातले शब्द शाळेतल्या पुस्तकातले होते. २००७ मध्ये पीएसपीसाठी (हातात धरून खेळायचे प्लेस्टेशन) संपूर्ण संहितेचा नव्याने अनुवाद झाला, त्याचे भरपूर कौतुक झाले आणि फोनवर मिळते ती हीच संहिता. तिच्यातले सरदार-दरकदार जुन्या इंग्रजी नाटकातल्यासारखे बोलतात. वाक्यांची उलटापालट केलेली असते आणि वापरातून गेलेले शब्द पदोपदी येतात. घरात इंग्रजी बोलणाऱ्या वाचकाला त्यात मौज वाटत असेल, पण आमच्याकडे त्यापायी कथाच वाचायची राहून जाते.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो. खेळणाऱ्याची पहिली भाषा इंग्रजी नसेल, तर कोणत्या खेळाची कोणती आवृत्ती घ्यावी? सोपा आहे म्हणून जुना सदोष अनुवाद चालवून घ्यावा का? आवाज जपानी ठेवून मजकूर इंग्रजी ठेवल्यास फरक पडतो का? ‘खेळता खेळता इंग्रजी सुधारेल’ हे उत्तर मात्र कृपया देऊ नये. ती खेळायला बसते, शिकवणीला नव्हे.

नेरूळकर (नेरूळ, नवी मुंबई)

पारसिककर, जुन्या आवृत्तीकडे परत जाऊ नका. टॅक्टिक्सची कथा राजगादीच्या वारशावरून पेटलेल्या यादवीची आणि तिच्या आडून धर्मपीठाने चालवलेल्या कारस्थानांची आहे. १९९८च्या इंग्रजीत कित्येकदा वाक्याचा कर्ता कोण हेच उमगत नाही, मग कोणी कोणाला दगा दिला हे कसे उमगणार? शब्द सोपे आणि अर्थ गायब, हा सौदा तोट्याचा आहे.

आपण ज्या शैलीबद्दल बोलत आहात ती मात्र अपघाताने आलेली नाही. टॅक्टिक्सचे दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांचाच ‘व्हॅग्रंट स्टोरी’ २००० साली आला, तेव्हा अनुवादक अलेक्झांडर ओ. स्मिथ यांनी त्याला जाणूनबुजून मुळापेक्षाही जुन्या वळणाचे इंग्रजी दिले आणि समीक्षकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे ‘फायनल फँटसी १२’ स्मिथ आणि जोसेफ रीडर यांनी केला, आणि टॅक्टिक्सचा २००७चा अनुवाद रीडर व टॉम स्लॅटरी यांनी. अशा रीतीने या खेळांच्या ईव्हालीस या काल्पनिक जगाची ती जणू राजभाषाच ठरून गेली. २०२५ मध्ये आलेल्या ‘दि ईव्हालीस क्रॉनिकल्स’मध्येही वळण तेच आहे, पण तिथे संवादांना कलाकारांचा आवाज मिळाला आहे. राग, उपहास आणि लाचारी कानाला कळत असल्यामुळे चार शब्द निसटले तरी प्रसंग निसटत नाही. घरी संगणक किंवा कन्सोल असेल तर टॅक्टिक्स त्या आवृत्तीत पुन्हा दाखवून पाहा.

फोनच वापरायचा असेल तर माझे मत ‘क्रोनो ट्रिगर’ला. तिथे नेमकी उलट गोष्ट घडली आहे. १९९५ साली टेड वूल्सी यांनी इंग्रजी केले, तेव्हा बेडूक झालेल्या सरदाराच्या तोंडी त्यांनी पुरातन इंग्रजी घातले. जपानीत तो असा बोलत नाही, आणि त्याच काळातली इतर माणसे इंग्रजीतही तशी बोलत नाहीत! २००८ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी नवा अनुवाद झाला, तेव्हा त्याची भाषा साधी करण्यात आली. फोनवरील आवृत्ती त्याच अनुवादावर आधारलेली आहे. जुन्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही. मलाही तो पुरातन बेडूक अधिक प्रिय आहे. तुमच्या भाचीने मात्र नवाच घ्यावा.

सोळा-बिटच्या, म्हणजे नव्वदीच्या पूर्वार्धातल्या कॅसेटींच्या काळातील खेळांचा आणखी एक फायदा आहे. जपानी लिपीत एका-दोन अक्षरांत मावणाऱ्या शब्दाला इंग्रजीत सहा-सात अक्षरे लागतात, आणि कॅसेटमधील स्मृती व पडद्यावरील चौकट तर तेवढीच. ‘क्रोनो’चे इंग्रजी स्पेलिंगसुद्धा नावाला पाचच अक्षरांची मर्यादा होती म्हणून आखूड झाले. वूल्सी यांना ‘फायनल फँटसी ६’ची संहिता याच कारणाने जागोजागी छाटावी लागली. त्या सक्तीतून आखूड वाक्ये लिहिण्याची जी रीत पडली, ती आपल्यासारख्या वाचकाच्या फार सोयीची आहे.

रानजाई (खारघर, नवी मुंबई)

नेरूळकरांशी बरीचशी सहमत आहे, परंतु अडचण केवळ पुरातन भाषेची नाही. बोलीभाषा त्याहून जास्त छळतात, आणि नवख्यांना बहुतेक वेळा सुचवल्या जाणाऱ्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेत त्या गावोगावी भेटतात. अकराव्या भागात गोंडोलिया गावचे लोक इटालियन धाटणीचे इंग्रजी बोलतात, होट्टो गावात सगळा व्यवहार हायकूंतून चालतो आणि समुद्रातल्या मत्स्यकन्या यमक जुळवून बोलतात. अनुवादाची कारागिरी म्हणून मला हे सर्व अतिशय आवडते. तथापि बोली दाखवण्यासाठी शब्द उच्चाराप्रमाणे मोडून लिहिलेले असतात, त्यामुळे अडलेला शब्द शब्दकोशात शोधायला जावे तर तो तिथे नसतोच. पुरातन शब्द निदान शब्दकोशात सापडतो.

‘नी नो कुनी’चेही तसेच. नायकासोबत फिरणारा शिझुकु हा छोटा परी-पुरुष जपानीत ओसाकाच्या बोलीत बोलतो. इंग्रजीत त्याचा ड्रिपी झाला आणि त्याला वेल्श ढंग देण्यात आला. ओसाकाचा ठसका जपानी माणसाला हसवतो, वेल्श ठसका ब्रिटनमध्ये हसवतो, आणि खारघरमध्ये दोन्ही सपाट पडतात. मराठीत तो मालवणीत बोलायला हवा, असे माझे ठाम मत आहे. (वऱ्हाडीचा आग्रह असणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा.)

याउलट काही गोष्टी अमेरिकन वाचकाला अवघड आणि आपल्याला सोप्या असतात, याचा आपण पुरेसा फायदा घेत नाही. १९९६चा पहिला ‘पर्सोना’ अमेरिकेत गेला, तेव्हा पात्रांची नावे आणि चेहरेमोहरे बदलून कथा अमेरिकेत घडते असे दाखवण्यात आले. २००९च्या पीएसपी आवृत्तीत तो प्रकार रद्द होऊन जपानी शहर आणि जपानी नावे परत आली. तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या इंग्रजीत तर ‘सेन्पाई’, ‘सान’, ‘कुन’ ही संबोधनेही तशीच राहिली. वरच्या वर्गातल्या मुलाला नुसत्या नावाने हाक मारू नये, हे आपल्याकडच्या मुलीला तळटीप देऊन सांगावे लागत नाही. सहामाही, क्लब, शिक्षकांचे टोमणे, सगळे ओळखीचे वाटते आणि वाक्ये रोजच्या बोलण्यातली आहेत. मात्र हे खेळ सतरा वर्षांवरील वयासाठी आहेत, त्यामुळे नववीतल्या मुलीच्या हाती देण्यापूर्वी तिच्या आईशी बोलून घ्या.

वयाला आणि भाषेला दोन्हींना जुळणारा खेळ म्हणून मी ‘ट्रेल्स इन द स्काय’ सुचवते. फाल्कॉम कंपनीचा हा खेळ जपानात २००४ साली आला, इंग्रजीत २०११ साली पीएसपीवर पोहोचला आणि २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. एस्टेल ही सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्या घरात वाढलेला जोशुआ, दोघे संघटनेची छोटी-मोठी कामे करत गावोगाव हिंडतात. बोलणे साधे, घरगुती आणि थट्टेचे आहे, आणि मागे गेलेले संवाद पुन्हा उघडून वाचण्याची सोय आहे. दोष एकच की पात्रे फार बोलतात. प्रत्येक घटनेनंतर गावातला पाववालासुद्धा काही तरी नवे सांगतो, आणि आपण तेही ऐकायला जातो.

या मालिकेच्या चाहत्यांनी वाट मात्र फार पाहिली. २००६चा दुसरा भाग इंग्रजीत यायला २०१५ उजाडले. २०१०च्या ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’चा इंग्रजी अनुवाद जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने २०२० मध्ये स्वतःच पूर्ण केला, आणि २०२२ची अधिकृत आवृत्ती त्याच अनुवादाच्या आधारे निघाली. भाची अडकलीच, तर तिला आता एवढे थांबावे लागणार नाही.

जपानी आवाजाबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. मी वाशीला जपानी शिकत असताना आवाज नेहमी जपानीच ठेवत असे. परंतु बऱ्याच खेळांत पडद्यावरचा मजकूर इंग्रजी आवाजाबरहुकूम लिहिलेला असतो, त्यामुळे कानावर एक आणि डोळ्यांपुढे दुसरे असे होते. ॲनिमे पाहून कान तयार झालेल्या मुलीला ते नक्कीच खटकेल. ‘फायनल फँटसी १०’च्या वेळी, म्हणजे २००१ साली, हा प्रश्नच नव्हता, कारण पाश्चात्त्य आवृत्तीत जपानी आवाज दिलेलाच नव्हता. तिथले इंग्रजी संवाद काही ठिकाणी विचित्र घाईने किंवा ओढूनताणून बोलल्यासारखे वाटतात, कारण जपानी वाक्याला लागलेल्या वेळातच इंग्रजी वाक्य बसवावे लागत होते. त्यात कलाकारांचा दोष नाही.

जुनी कॅसेट (नौपाडा, ठाणे)

तुम्हा सर्वांची आवृत्ती निवडण्याची चैन पाहून मौज वाटली. आमच्या लहानपणी जी कॅसेट हाती पडेल तीच आवृत्ती असे. तेव्हाचे स्वस्त टीव्ही गेम फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होते, त्यामुळे जपानी कॅसेटी त्यांत सरळ बसत. मारामारीच्या आणि गाड्यांच्या कॅसेटी गल्लीत हातोहात फिरायच्या. आरपीजीची कॅसेट मात्र ज्याच्याकडे गेली त्याच्याकडेच पडून राही, कारण ती कोणालाच वाचता येत नसे.

तशीच पडून असलेली ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या भागाची कॅसेट माझ्या वाट्याला आली. १९८६चा हा खेळ असा, की जिना उतरायचा असला तरी यादीतून ‘जिना’ ही आज्ञा निवडावी लागते. मी अक्षरे न वाचता यादीतली जागा लक्षात ठेवत असे. खेळ जतन करण्याची पद्धत तर आजच्या मुलांना खरी वाटणार नाही. जपानी आवृत्तीत बॅटरीवर सेव्ह होत नसे. राजाकडे गेले की तो वीस जपानी अक्षरांचा मंत्र सांगे आणि दुसऱ्या दिवशी तोच जसाच्या तसा भरावा लागे. मी ती अक्षरे चित्रकलेच्या वहीत चित्रांसारखी उतरवून घेत असे. एखादा फाटा चुकला तर आदल्या दिवसाची सगळी मेहनत वाया जायची.

पुढे संगणक आल्यावर इम्युलेटरवर (जुन्या यंत्रांचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम) याच खेळाची १९८९ची अमेरिकन आवृत्ती पाहिली. नाव बदलून ‘ड्रॅगन वॉरियर’ केलेले, आणि गावातला प्रत्येक जण बायबलातल्यासारखे इंग्रजी बोलतो! तेव्हा पारसिककरांच्या भाचीची तक्रार निदान १९८९ पासूनची आहे, हे नेरूळकरांनी आपल्या इतिहासात जोडून घ्यावे. अमेरिकेच्या वाट्याला आलेल्या या प्रकारातल्या पहिल्या काही खेळांतच ही सवय लागली, आणि ‘तलवार दिसली की भाषा जुनी’ हा संकेत तिथून सुटलाच नाही.

मला सर्वांत सुखाने वाचता आलेले इंग्रजी चाहत्यांनी केलेल्या अनुवादांतले होते. ‘फायनल फँटसी ५’ जपानात १९९२ साली आला, पण अमेरिकेत अधिकृतपणे १९९९ मध्ये पोहोचला. त्याच्या आधीच १९९८ मध्ये हौशी मंडळींनी आपला इंग्रजी पॅच (मूळ खेळातला मजकूर बदलणारी फाइल) काढला होता. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ला तर १९९५ पासून थांबावे लागले. चाहत्यांचा पॅच २००० साली आला आणि अधिकृत इंग्रजी २०१९ साली. ‘मदर ३’ची २००६ पासून अधिकृत इंग्रजी आवृत्तीच नाही, २००८ मध्ये क्लाइड मँडेलिन यांच्या पुढाकाराने चाहत्यांनी जे केले, त्यावरच जगभरचे लोक तो खेळत आले आहेत. या अनुवादांत कसबाचा आव कमी असतो. पात्राला काय म्हणायचे आहे ते सांगून अनुवादक बाजूला होतो. समीक्षक त्याला नीरस म्हणोत, ठाण्यात बसून वाचणाऱ्या मुलाला तेच हवे होते. आता यांतले बहुतेक खेळ रीतसर विकत मिळतात, त्यामुळे रॉम (कॅसेटींच्या संगणकी प्रती) शोधत बसण्याचे कारण उरलेले नाही. ‘मदर ३’ तेवढा अपवाद.

अर्धविराम (ऐरोली, नवी मुंबई)

मी सॉफ्टवेअरच्या भाषिक चाचणीचे काम करतो, म्हणून वर कोणीच न विचारलेल्या प्रश्नावर लिहितो. ही सगळी यातायात टाळून खेळ मराठीतच का असू नयेत? बाजारपेठेचे कारण सर्वांना ठाऊक आहे. हिंदीचेही घोडे फारसे पुढे गेलेले नाही. ‘पोकेमॉन गो’ला २०२३ मध्ये हिंदी मिळाली, ही त्यातल्या त्यात ठळक घटना. परंतु उद्या कोणी पैसे घेऊन आले तरी काम सोपे नाही.

आरपीजीतील मजकुराचा मोठा भाग लिहिलेला नसून जोडलेला असतो. अमुक पात्राने अमुक वस्तू वापरली, अमुक राक्षसाला अमुक इजा झाली, ही वाक्ये साच्यात नावे भरून तयार होतात. मराठीत तलवार वापरली, दोर वापरला आणि औषध वापरले. म्हणजे वस्तू बदलली की क्रियापद बदलले. फ्रेंच-जर्मनलाही लिंगाचा हा त्रास आहे, त्यामुळे प्रत्येक नामाला लिंगाची खूण जोडण्याची व्यवस्था अनेक खेळांत तयारच असते. आपला पुढचा त्रास सामान्यरूपाचा. ‘मंतरलेला खंजीर’ ही नोंद साच्यात घालून पुढे ‘ने’ चिकटवला तर हसे होईल, तिथे ‘मंतरलेल्या खंजिराने’ असेच हवे. म्हणजे शेकडो वस्तूंची आणि राक्षसांची दोन-दोन रूपे साठवून ठेवावी लागणार. शिवाय देवनागरीतील जोडाक्षरे आणि अक्षराच्या आधी येणारी पहिली वेलांटी नीट उमटवणे प्रत्येक गेम-इंजिनाला जमतेच असे नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’ हे ठरवल्याशिवाय एकही संवाद लिहिता येत नाही. जपानीत तो मान-अपमान क्रियापदांत आणि संबोधनांत स्पष्ट असतो, पण इंग्रजीत उतरताना बराचसा पुसला जातो. म्हणून मराठी अनुवाद इंग्रजीवरून करणे म्हणजे जपानीत आयते असलेले काही हरवून नंतर अंदाजाने भरणे होय. ‘फायनल फँटसी १४’मध्ये जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चारही भाषांचे काम खेळ घडत असतानाच बरोबरीने चालते. मराठीचे काम कधी झालेच तर त्या धर्तीवर आणि थेट जपानीवरून व्हावे.

तोपर्यंत टॅक्टिक्ससाठी व्यवहार्य सल्ला: पीएसपी आणि फोनच्या आवृत्तीत ‘क्रॉनिकल’ नावाच्या भागात पात्रांची माहिती आणि घडून गेलेले प्रसंग पुन्हा पाहता येतात. प्रत्येक लढाईनंतर मामा-भाचीने तिथे जाऊन कोण कोणाच्या बाजूचा हे मराठीत बोलून घ्यावे. कथेचा गाभा तेवढ्याने हाती लागतो.

पारसिककर (कळवा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. भाचीला हा धागा वाचायला दिला. वीस अक्षरांच्या मंत्रावर तिचा विश्वास बसलेला नाही, आणि ड्रिपीने मालवणीतच बोलावे असे तिचेही मत पडले. ‘क्रोनो ट्रिगर’ फोनवर घेतला आहे. ‘ट्रेल्स’ वार्षिक परीक्षेनंतर माझ्या संगणकावर सुरू करू.

एक शंका उरली. ‘क्रोनो ट्रिगर’मधील लढाईत ती जादूच्या यादीतले वर्णन वाचत बसते आणि तेवढ्यात शत्रू हल्ला करतो. वाचायला वेळ मिळावा अशी काही सोय आहे का?

नेरूळकर (नेरूळ, नवी मुंबई)

आहे. सेटिंगमध्ये लढाईचा प्रकार ‘ॲक्टिव्ह’ असेल तो ‘वेट’ करा. मग कौशल्यांची किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत वेळ थांबलेला राहतो. यादी बंद असताना मात्र शत्रूचा वेळ चालूच असतो, तेव्हा वाचायचे ते यादी उघडून वाचावे, एवढे तिला सांगून ठेवा.